जहाजावरील शेजारधर्म

म्हैसूर शहरातील चामराजपुरम् या वस्तीचा समुद्राशी तसा काहीच संबंध नाही. चामुंडीच्या टेकडीवर उभे राहून कितीही दूर पाहिले तरी समुद्राची निळी रेघ दृष्टीस पडत नाही. या वस्तीचा प्रवास जो काही होतो, तो प्रामुख्याने जमिनीवरचा. म्हैसूर जंक्शनहून चामराजनगरकडे निघालेली गाडी चामराजपुरम्‌च्या लहानशा स्थानकावर जेमतेम थांबते. कोणी टोपली घेऊन उतरते, कोणी दप्तर घेऊन चढते आणि गाडी पुढे जाते. डब्यातला शेजारी पाय पसरून बसणारा असो की मोठमोठ्याने बोलणारा असो, त्याच्यापासून सुटका पुढच्या स्थानकाइतकी जवळ असते. आगगाडीच्या उतारूची बरीचशी सहनशीलता या एका भरवशावर उभी असते. जहाजाला मात्र मधली स्थानके नसतात. एकदा धक्क्यावरचे दोर सुटले की दोन दिवस, चार दिवस किंवा आठ दिवस तीच माणसे, तेच जिने, तेच भोजनगृह आणि तोच शेजार. जमिनीवर ज्याला केवळ गैरसोय म्हणतात, त्याचा जहाजावर प्रसंगी धोका होतो.

हे सांगण्याचे कारण असे की, समुद्रापासून दूर राहणारी मराठी कुटुंबेही अलीकडे हौसेने जलप्रवासास निघू लागली आहेत. २०१८ मध्ये मुंबई आणि गोवा यांच्या दरम्यान ‘आंग्रिया’ ही विहारनौका सुरू झाली. ती फार काळ चालली नाही; परंतु २०२१ पासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी करणारे अधिक मोठे जहाज लोकांच्या परिचयाचे झाले. सिंगापूरहून किंवा भूमध्य समुद्रातून निघणाऱ्या सफरींच्या यादीतही आता मराठी आडनावे आढळतात. चामराजपुरम्‌सारख्या वस्तीतील एखादे निवृत्त दांपत्य, सोबत मुलगा, सून आणि दोन नातवंडे, असे कुटुंब अशा सफरीस निघाले म्हणजे घरात तयारी सुरू होते. कोणते कपडे घ्यावेत, जेवताना काटा कोणत्या हातात धरावा, मेजवानीच्या रात्री कोट लागतो काय, याची चौकशी कसोशीने होते. म्हैसूरची रेशमी साडी जगातल्या कोणत्याही मेजवानीस शोभते, आणि काट्याचे म्हणावे तर, हाताने नेटकेपणाने जेवणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. या चिंतेत वेळ घालवण्याचे कारण नाही. जहाजावरील शिष्टाचाराचा गाभा काट्या-चमच्यांत नाही. तो निराळ्याच गोष्टींत आहे, आणि कोकणच्या आगबोटीवरील साध्या उतारूला तो चांगला ठाऊक होता.

त्या आगबोटींची आठवण आता वृद्ध पिढीपुरतीच उरली आहे. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीकडे जाई. पावसाळ्यात ही वाहतूक बंद राही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात ती कायमचीच थांबली, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर तिची उणीवही फारशी कोणाला भासेनाशी झाली. डेकवरचा उतारू बोटीत शिरला की प्रथम आपली पथारी पसरी. पथारी पसरली म्हणजे जागा ठरली. मग तो पाणी आणावयास जावो की कठड्याशी उभा राहून दिवे मोजत राहो, त्याच्या पथारीला कोणी हात लावीत नसे. हा अलिखित कायदा टिकला, याचे कारण त्यात एक न्याय होता: प्रत्येकाची पथारी एक, आणि ती एका माणसाच्या लांबीची. आजच्या विहारनौकेवर सकाळी सात वाजता पोहण्याच्या तलावाकाठच्या चार खुर्च्यांवर चार टॉवेल टाकून न्याहारीस जाणारी आणि अकरा वाजता परतणारी मंडळी स्वतःला त्याच कायद्याचे वारस समजत असतील, तर ती चूक आहे. पथारी ही गरजेची खूण होती. रिकाम्या खुर्चीवरचा टॉवेल ही केवळ मालकीची घोषणा आहे. उठून जावयाचे असेल तर खुर्ची सोडावी, हे उत्तम.

दुसरी गोष्ट चढण्या-उतरण्याची. बहुतेक कोकणी बंदरांत आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि पडावांतून उतारूंची ने-आण होई. लाटेबरोबर पडाव वर येई आणि खाली जाई. वर आला की पाय टाकावयाचा, खाली गेला की थांबावयाचे; आणि केव्हा टाकावयाचा, हे ठरवण्याचा अधिकार उतारूचा नसे, पडाववाल्याचा असे. घरी ज्यांच्या शब्दाला मान असे असे खोत, वकील, मामलेदारसुद्धा त्या क्षणी पडाववाल्याच्या शब्दापुढे मान तुकवीत. जलप्रवासातील पहिला सभ्यपणा हाच होय. पाण्यावर ज्याला पाणी कळते त्याचे ऐकावे. मग त्याचा पगार, त्याचे शिक्षण किंवा त्याची भाषा काहीही असो.

हे न कळल्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, सकाळी ‘रामदास’ नावाची आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. अंतर थोडे आणि वाट रोजची. बोटीवर सातशेच्या आसपास माणसे होती. भर पावसाळ्यातील खवळलेल्या समुद्रात बोटीवर लाट आदळली आणि पाणी आत आले. घाबरलेले उतारू एका बाजूला धावले, तोल गेला आणि बोट पाहता पाहता कलंडली, असे त्या दिवसाच्या हकीकतींतून सांगितले जाते. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. जी वाचली, त्यांतील कित्येकांना रेवसकडून येणाऱ्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. दोष केवळ उतारूंचा होता असे मुळीच नव्हे. अशा हवेत बोट सोडणे, गर्दी भरणे, बचावाची साधने पुरेशी नसणे, हे त्याहून मोठे दोष होते. तथापि लहान नौकेच्या बाबतीत एक गोष्ट निर्विवाद आहे. माणसे हाच तिच्यावरील सर्वांत मोठा हलता भार असतो. पेट्या दोराने बांधता येतात. माणसे बांधता येत नाहीत. डॉल्फिन दिसला म्हणून, सूर्यास्त सुरेख आहे म्हणून किंवा छायाचित्रासाठी म्हणून सगळ्यांनी एकाच कठड्याकडे धावणे हे लहान बोटीवर असभ्य तर आहेच, पण त्याआधी ते घातक आहे. ज्याची तीन हजारांची वस्ती आहे असे जहाज त्याने कलंडणार नाही, हे खरे. परंतु त्याच जहाजावरून बेटावर नेणारी नाव लहानच असते, आणि मोठ्या जहाजावर चार दिवसांत जडलेली बेफिकिरी माणूस त्या लहान नावेत घेऊन बसतो.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या गेटवेहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नावेवर एक वेगवान नौका येऊन आदळली. नावेत शंभराहून अधिक माणसे होती. त्यांतील कित्येकांनी जीवरक्षक जाकिटे घातलेली नव्हती. पंधरा जीव गेले. जाकीट घातल्याने उकडते, साडी चुरगळते, छायाचित्र बिघडते, या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. तरीही ते नाव सुटण्यापूर्वी घालावे, लहान मुलांना आधी घालावे आणि उतरेपर्यंत काढू नये. अपघात झाल्यावर ते शोधण्यास वेळ मिळत नाही.

मोठ्या जहाजावर याच गोष्टीला विधीचे रूप दिलेले असते. प्रवास सुरू होतानाच सर्व उतारूंना आपापल्या ठरलेल्या जागी बोलावून, धोक्याची घंटा कशी वाजेल, कोणत्या जिन्याने यावे आणि जाकीट कसे बांधावे, हे दाखवले जाते. सात तुटक भोंगे आणि त्यानंतर एक लांब भोंगा, ही संकटाची सार्वत्रिक खूण होय. हा कार्यक्रम नेमका अशा वेळी येतो की, ज्या वेळी मुलांना तलावाकडे धाव घ्यावयाची असते, मोठ्यांना चहा हवा असतो आणि कोणाचे तरी सामान अद्याप खोलीत पोचलेले नसते. पुष्कळ मंडळी त्यास कंटाळवाणी औपचारिकता समजतात, मागे उभी राहून गप्पा मारतात किंवा स्नानगृहात दडून बसतात. त्यांच्यासाठी दोन प्रसंग सांगण्यासारखे आहेत.

पहिला सर्वांना ठाऊक असलेल्या ‘टायटॅनिक’चा. १९१२ च्या एप्रिलमध्ये ते जहाज बुडाले, तेव्हा त्यावरील सुमारे २,२०० माणसांपैकी जेमतेम निम्म्यांना पुरतील एवढ्याच जीवनौका त्यावर होत्या, हे नेहमी सांगितले जाते. याहून कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की, आरंभी सोडलेल्या नौका पूर्ण भरल्याही नव्हत्या. पासष्ट माणसांची सोय असलेल्या एका नौकेत सुमारे अठ्ठावीस जण गेले, आणि चाळिसांच्या एका नौकेत अवघे बारा. उजेडाने झगमगणारे, उबदार, स्थिर जहाज सोडून काळोख्या पाण्यावर लोंबकळणाऱ्या होडीत बसावयास लोकांचे मन घेईना. काय करावयाचे याची सवय आधी झालेली नसेल, तर संकटात माणूस परिचित वस्तूला बिलगून राहतो. या अपघातानंतर १९१४ मध्ये सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला.

दुसरा प्रसंग अगदी अलीकडचा. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ जिल्यो बेटापाशी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे विहारजहाज खडकावर घासले आणि कलले. जहाजावर सुमारे ४,२०० माणसे होती, बत्तीस दगावली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो उतारूंना संकटसमयीचे शिक्षण मिळालेले नव्हते, कारण चोवीस तासांच्या आत ते द्यावे, अशी तेव्हाच्या नियमात सवड होती. त्यांची पाळी यावयाची होती, परंतु त्याआधी खडक आला. पुढे नियम बदलण्यात आला, आणि २०१५ पासून हे शिक्षण जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच देणे बंधनकारक झाले. तेव्हा त्या पहिल्या संध्याकाळी नातवाचा हात धरून, आपल्या खोलीपासून ठरलेल्या जागेपर्यंतचा जिना एकदा पायाने चालून पाहणे, ही आजोबांनी त्याला द्यावयाची पहिली भेट आहे. लिफ्टने नव्हे, जिन्याने. कारण संकटात लिफ्ट वापरावयाची नसते. ही चाल मुलांना खेळासारखी वाटते आणि ती त्यांच्या चांगली लक्षात राहते.

जहाजावर प्रत्येक मार्गिकेत ध्वनिक्षेपक असतो आणि त्यातून अधूनमधून सूचना येतात. म्हैसूरच्या उतारूला तरी त्यांचा आदर असावा. १९३५ मध्ये म्हैसूरला प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी एक खाजगी नभोवाणी केंद्र सुरू केले आणि त्यास ‘आकाशवाणी’ हे नाव दिले; तेच नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. आकाशातून आलेला आवाज गप्प राहून ऐकावयाचा असतो, असा पुराणातला संकेत आहे. जहाजावरील आकाशवाणी होत असताना मात्र नेमका कोणीतरी मोबाइलवर गाणे लावतो. सूचना आपल्या कामाची नसेल. शेजारच्या कोणाच्या तरी कामाची असते.

आगीविषयी थोडे विस्ताराने सांगावयास हवे, कारण येथे चांगल्या घरातील चांगल्या सवयीच अंगाशी येतात. जहाजाला पाण्याचे जेवढे भय, तेवढेच आगीचे. २००६ च्या मार्चमध्ये ‘स्टार प्रिन्सेस’ या जहाजाच्या सज्जांना जमैकाजवळ आग लागली. न विझवता टाकलेली सिगारेट हे तिचे संभाव्य कारण मानले गेले. शंभरावर खोल्यांचे नुकसान झाले आणि धुराने एक उतारू मृत्यू पावला. सिगारेट ओढणाऱ्यास सज्जातून ती समुद्रात फेकली असे वाटते. वारा ती खालच्या मजल्यावरील सज्जात आणून टाकतो. परंतु सिगारेट न ओढणारे कुटुंबही निर्धास्त नसावे. सकाळच्या पूजेसाठी निरांजन आणि उदबत्ती, पहाटेच्या चहासाठी विजेची किटली, साडीसाठी इस्त्री, आणि सर्वांचे मोबाइल एकदम भारित व्हावेत म्हणून घरून आणलेली जोडपट्टी, या चार वस्तू मराठी सामानात हटकून असतात आणि चारही जहाजावर निषिद्ध असतात. तपासणीत त्या काढून घेतल्या गेल्या म्हणजे अपमान झाला, धर्मात ढवळाढवळ झाली, असा सूर लावणे बरे नव्हे. देवाला मानसपूजाही चालते. समुद्रात नारळ सोडण्याची इच्छा असेल तर तो धक्क्यावर, किनाऱ्यावर, स्थानिक रीतीने सोडावा. जहाजावरून काहीही फेकू नये. प्लॅस्टिक तर कोणत्याही समुद्रात टाकण्यास आंतरराष्ट्रीय कायद्याने बंदी आहे. पानाची पिंक टाकणाऱ्याचा बंदोबस्त बहुधा वाराच करतो.

सामानाविषयी एकच गोष्ट. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघालेल्या गांधीजींना बोटीवर आल्यावर आपल्या मंडळींबरोबरच्या पेट्यांचा ढीग दिसला. त्यांनी नको असलेल्या पेट्या एडनहून परत पाठवावयास लावल्या. जहाजावरची खोली लहान असते, आणि एका माणसाचे जादा सामान म्हणजे खोलीतल्या दुसऱ्याची कमी झालेली जागा. मात्र औषधे, चष्मा आणि पहिल्या रात्रीचे कपडे हातपिशवीतच असावेत. कारण मोठी पेटी चढताना ताब्यात घेतली जाते ती कधी कधी संध्याकाळी उशिरा खोलीपाशी येते, आणि रक्तदाबाची गोळी तोवर वाट पाहत नाही.

आता मराठी भाषेने ज्याला फार नेमके नाव दिले आहे त्या गोष्टीकडे वळावयाचे. बोट ‘लागते’. नजर लागावी किंवा ऊन लागावे, तशीच बोट लागते. त्यात लागणाऱ्याचा काही अपराध नसतो. कारण साधे आहे. कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय सांगते की शरीर हलते आहे. बंद खोलीतील डोळे सांगतात की भिंत स्थिर आहे. आणि या दोन साक्षींचा मेळ न बसल्याने पोट बिघडते. म्हणूनच बाहेर मोकळ्या हवेत यावे, दूरच्या क्षितिजाकडे पाहावे, वाचन आणि मोबाइल बाजूला ठेवावा. जहाजाचा मधला आणि खालचा भाग सर्वांत कमी डोलतो. ज्यांना प्रकृतीची शंका आहे त्यांनी खोली घेतानाच तशी मागावी, उंचावरच्या देखाव्याचा मोह टाळावा. पोट अगदी रिकामे ठेवू नये आणि भरगच्चही नको. म्हैसूरपाकाचा डबा उघडण्यास पहिली संध्याकाळ ही सर्वांत अयोग्य वेळ होय. तुपाचा तो थोर पदार्थ परतीच्या प्रवासाकरिता राखून ठेवावा. आल्याचा तुकडा किंवा लिंबू चघळल्याने काहींना बरे वाटते. औषध घ्यावयाचे तर मळमळ सुरू होण्यापूर्वी, निघण्याच्या तासभर तरी आधी. सुरू झाल्यावर ते पोटात टिकतच नाही. काचबिंदू किंवा प्रोस्टेटची तक्रार असणाऱ्या वृद्धांनी मात्र ते आपल्या डॉक्टरांस विचारूनच घ्यावे.

यातील शिष्टाचार दोन्हीकडचा आहे. ज्याला बोट लागली, त्याने भिडेखातर भोजनगृहात बसून राहू नये. आणि ज्याला लागली नाही, त्याने हसू नये. नौदलाचा इतिहास गाजवणाऱ्या नेल्सनला जन्मभर बोट लागे. पाच वर्षे ‘बीगल’ जहाजावर काढणाऱ्या डार्विनलाही ती अखेरपर्यंत लागत राहिली. कठड्याची मोकळी जागा ज्याला हवेची गरज आहे त्याला देणे, त्याला पाण्याचा पेला आणून देणे, हीच खरी मदत. त्यासमोर उभे राहून आपण कालपासून किती वेळा आणि काय काय खाल्ले याचे वर्णन करणे ही नव्हे.

प्रत्येक उलटी मात्र बोट लागल्याचीच असते असे नाही. नोरोव्हायरस नावाचा विषाणू पोट बिघडवतो आणि बंदिस्त जागी फार झपाट्याने पसरतो. त्याची बाधा झाल्यावर बारा ते अठ्ठेचाळीस तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. हाताला चोळावयाच्या मद्यार्कयुक्त द्रावाने तो पुरता जात नाही; साबण आणि वाहते पाणी हाच उपाय. भोजनगृहात शिरताना हात धुवावेत, वाढून घेण्याचा चमचा वाढण्यापुरताच वापरावा, पानात घेतलेला पदार्थ भांड्यात परत टाकू नये. आपल्याकडे उष्ट्या-खरकट्याचे नियम होते, त्यांची पुष्कळांनी थट्टा केली. त्यांतील जातिभेदाचा भाग गेला हे योग्यच झाले, परंतु उष्टा हात वाढपात घालू नये एवढा अंश जहाजावर जसाच्या तसा उपयोगी पडतो. आजार झाल्यास तो लपवू नये. दोन दिवस खोलीत बसावे लागेल, पैसे फुकट जातील, या भीतीने पुष्कळजण गोळी घेऊन पुन्हा सर्वांत मिसळतात. २०२० च्या फेब्रुवारीत योकोहामाच्या बंदरात अडकून पडलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावर सुमारे ३,७०० माणसे होती आणि त्यांतील सातशेहून अधिकांना करोनाची बाधा झाली. बंदिस्त वस्तीत साथ कशी पसरते, याचे याहून ठळक उदाहरण शोधावयास नको.

त्या जहाजावर जे भारतीय होते, त्यांत उतारू मोजके होते. बाकी सारे कर्मचारी होते. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. खोली झाडणारा, पाणी देणारा किंवा इंजिनघरात घाम गाळणारा माणूस पुष्कळदा गोव्याचा किंवा कोकणातला असतो. गोव्याच्या खलाशांची परंपरा जुनी. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास त्यांच्या गावोगावच्या ‘कुडी’ होत्या आणि काही अजूनही आहेत. पुढची बोट मिळेपर्यंत गावचा माणूस तेथे राही, तेथेच प्रार्थना करी, तेथेच आपली पेटी ठेवी. आजचा कर्मचारी सहा-सहा, नऊ-नऊ महिने घरापासून दूर असतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्याला दिवसाच्या चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळावी लागते. म्हणजे चौदा तासांपर्यंत त्याला काम असू शकते, असाही त्याचा अर्थ होतो. अशा माणसाला चुटकी वाजवून बोलावू नये. त्याच्या सदऱ्यावर नाव लिहिलेले असते. ते वाचून हाक मारावी, आणि तो कोकणी किंवा मराठी समजणारा निघाला तर दोन शब्द त्याच्या भाषेत बोलावेत. शाकाहारी, जैन किंवा उपवासाचे जेवण हवे असेल तर ते सफरीची नोंदणी करतानाच कळवावे. भरल्या भोजनगृहात ताट समोर आल्यावर कळवणे म्हणजे त्याची परीक्षा पाहणे. बक्षिसीची रक्कम कित्येकदा बिलातच धरलेली असते. ती आधी वाचून घ्यावी, म्हणजे शेवटच्या दिवशी हुज्जत होत नाही.

आवाजाविषयी थोडक्यात. खोल्यांच्या भिंती पातळ असतात, आणि मध्यरात्री मार्गिकेत मारलेली हाक दहा खोल्यांना जागवते. मराठी मंडळींचा मोठा गट निघाला की अंताक्षरी होणारच. ती व्हावीही, पण डेकवर, दहाच्या आत. दुसऱ्या एका सवयीबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. तलावाकाठी पोहण्याच्या पोशाखात असलेल्या अनोळखी माणसांची, विशेषतः स्त्रियांची, छायाचित्रे घेणे हा गमतीचा भाग नव्हे. तो अपराध आहे, आणि त्याबद्दल पुढच्या बंदरात उतरवलेही जाऊ शकते. ते योग्यच होय.

म्हैसूरहून निघणाऱ्याला कोची हे मुंबईपेक्षा पुष्कळ जवळचे बंदर, आणि कोचीहून लक्षद्वीपला जाणारी जहाजे तेथूनच सुटतात. मात्र येथे एक भेद समजून घ्यावा. ही जहाजे केवळ पर्यटकांची नव्हेत. बेटावरील माणसाला रुग्णालयात, महाविद्यालयात किंवा कचेरीत जावयाचे तर त्याची हीच वाट. त्याच जहाजावर शस्त्रक्रियेहून परतणारी एखादी वृद्धा असते, परीक्षेला निघालेली मुले असतात. त्यांच्या दृष्टीने पर्यटक हा पाहुणा आहे, आणि पाहुण्याने घरच्या जिन्यावर पसरून बसू नये. बेटांवर जाण्यास परवाना लागतो. बंगारम् सोडल्यास मद्याला बंदी आहे. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलण्यासही मनाई आहे. कित्येक बेटांशी जहाज थेट लागत नाही; बाजूच्या दारातून खालच्या होडीत उतरावे लागते. होडी लाटेबरोबर वर येते आणि खाली जाते. मालवणच्या पडावाचा जुना नियम येथे पुन्हा लागू होतो: होडीवाला हात पुढे करील तेव्हाच पाय टाकावा, मोबाइल खिशात, दोन्ही हात मोकळे, आणि मागच्याने पुढच्यास ढकलू नये.

बंदरावर उतरल्यानंतर घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवावे. परदेशी सफरीत स्थानिक वेळ निराळी असते, आणि कितीतरी लोक तासाच्या घोटाळ्यात धक्क्यावर राहून जातात. जहाज सहसा थांबत नाही. थांबले तर हजारो माणसे एका कुटुंबाच्या खरेदीसाठी थांबतात. परतीच्या आदल्या रात्री पेट्या खोलीबाहेर ठेवावयाच्या असतात. त्यांत दुसऱ्या दिवशी घालावयाचे कपडे आणि पारपत्रे भरून टाकणारी माणसे दर सफरीत दोन-चार तरी निघतात, आणि सकाळी रात्रीच्या पोशाखात स्वागतकक्षासमोर उभी असतात. उतरताना ज्या मजल्याची पाळी पुकारली असेल त्यानेच जिन्याकडे जावे; आधी गेल्याने धक्का जवळ येत नाही.

दोर बांधले गेले आणि पाय जमिनीला लागले, तरी बोट काही वेळ अंगातून जात नाही. स्नान करताना भिंत हलल्यासारखी वाटते, रात्री पलंग डोलतो. तोलाच्या इंद्रियाने चार दिवसांत समुद्राची सवय करून घेतलेली असते. ती सोडण्यास त्याला एखादा-दुसरा दिवस लागतो. तोवर मोटार चालवू नये आणि जिना उतरताना कठडा धरावा. आठवड्यानंतरही डोलणे थांबले नाही तर डॉक्टरांस दाखवावे.